बावीस पायऱ्या आणि आपला मराठी बाणा



यंदाच्या १७ जानेवारीला, हुतात्मा दिनी, बेळगावच्या आपल्या सभागृहात अभिवादनाचा कार्यक्रम झाला. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेल्या काही ज्येष्ठांचा सत्कार होता. त्यांतले एक काका मुलाबरोबर रिक्षाने आले. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाल्यापासून त्यांचा उजवा पाय चालत नाही. आपले सभागृह माडीवर, आणि जिन्याला बावीस पायऱ्या. काका रिक्षातून उतरलेच नाहीत. वर ध्वनिक्षेपकावरून त्यांचे नाव पुकारले गेले, टाळ्या झाल्या, आणि दोघे कार्यकर्ते शाल-श्रीफळ घेऊन जिना उतरले. रस्त्याच्या कडेला, रिक्षात बसल्या जागी काकांना शाल पांघरली. काका एवढेच म्हणाले, "भाषणे ऐकू आली हो खालपर्यंत. छान झाली सभा."

त्या वेळी वर बसून टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणून आज आम्ही बोट दाखवणार आहोत ते सरकारकडे नाही, स्वतःकडे.

आपण सीमाभागातले मराठी. अल्पसंख्याक म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के आहेत तिथे कागदपत्रे त्यांच्या भाषेत मिळावीत, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. राज्यघटनेच्या ३५०-ब कलमाखाली नेमलेल्या आयुक्तांकडे निवेदने दिली, मोर्चे काढले. "संख्येने थोडे असलो तरी हक्क पुरता आहे," हे आपले म्हणणे. मग आपल्यातच जे थोडे आहेत, त्यांच्याबाबतीत हा न्याय जिन्याखालीच का थांबतो?

कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न आला: "असे येतात तरी किती जण?" आम्ही बँकेत आकड्यांतच आयुष्य घालवतो, म्हणून आकड्यांनीच उत्तर देतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. म्हणजे हजारी साधारण २२. आपले सभासद हजाराच्या घरात आहेत. देशाच्या सरासरीने धरले तरी २२ जण होतात, आणि आपली तरुण पोरे पुण्या-बंगळूरला गेल्यामुळे गावात राहिलेल्या सभासदांचे वय पाहता हा आकडा वाढेल, कमी होणार नाही. गुडघे गेलेल्या मावश्या, मोतीबिंदूने अंधूक दिसणारे गुरुजी यांची नोंद तर कुठेच नाही. ते सभेला येत नाहीत हे खरे. पण हजेरीची वही माडीवर ठेवायची आणि खालच्यांची सही नाही म्हणून त्यांना गरज नाही असे समजायचे, हा कुठला हिशोब?

दुसरे म्हणणे: "चार पोरे आहेत, उचलून नेतील." पोरांचा भाव चांगला आहे, त्यांना नावे ठेवायची नाहीत. पण एखाद्या वहिनींना चार परक्या पोरांनी खुर्चीसकट उचलावे हे त्यांना चालेल का, हे कोणी विचारले? शिवाय माणूस आपल्या वेळेला येतो, कंटाळा आला की उठून जातो, मताला हात वर करतो, तेव्हा तो सभासद. उचलून आणलेला माणूस पाहुणा होतो, आणि पाहुणा कार्यकारिणीला प्रश्न विचारत नाही.

तिसरे म्हणणे: "ही कामे सरकारची." इथे कायदा वाचावा लागेल. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे केवळ सरकारी कचेरी नव्हे. लोक जिथे ये-जा करतात अशी खासगी इमारतही त्यात येते. धार्मिक व सांस्कृतिक कार्यासाठी वापरली जाणारी वास्तू तर स्पष्ट शब्दांत येते. नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत अशा जुन्या इमारती सोयीच्या कराव्यात असे त्यात आहे. नियम निघाले १५ जून २०१७ ला. मुदत २०२२ मध्येच सरली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की या बाबतीत नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत, सक्तीचे नियम हवेत. कायदा पाळा म्हणून आपण सरकारच्या दारात बसतो; हा कायदा आपल्या दारात येऊन बसला आहे.

मध्यंतरी 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले. नाव बदलले की काम झाले असे मानण्याचा अनुभव बेळगावकरांइतका कोणाला असेल? पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

आता पैशाचे बोलू. बावीस पायऱ्या, प्रत्येक सहा इंच, म्हणजे अकरा फूट उंची. उतार धड हवा तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. म्हणजे १३२ फूट, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा. ते जमणार नाही, हे आम्हालाही कळते. पण तळमजल्याचा जोता फक्त तीन पायऱ्यांचा, म्हणजे दीड फूट. त्याला अठरा फूट उतार पुरतो आणि आपले अंगण तीस फुटांचे आहे. अडचण एकच: तळमजल्याचा मोठा गाळा आपण गोदामाला भाड्याने दिला आहे. भाड्यासाठी आपण आपलीच माणसे रस्त्यावर बसवली, असा त्याचा सरळ अर्थ होतो. भाडे बुडेल हे मान्य. शिवजयंतीच्या चित्ररथावर आणि कमानी-फलकांवर काय खर्च होतो, ते ताळेबंदात सर्वांनी पाहिले आहे. थोडा हात तिथे आखडता घेतला तर महाराजांचा मान कमी होणार नाही.

आमच्या शाखेतही सगळे आलबेल आहे असे नाही. उतार आहे, पण त्याच्या तोंडाशी स्कूटर लावलेली असते. ती हटवायला आम्हीच कितीदा विसरलो. तरी सत्तरीवरच्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच सेवा द्या, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही अशा पेन्शनरांच्या घरी गेलो आहोत. माणूस हयात आहे, हे पाहायला बँक त्याच्या दारात जाते. आपली संस्था मात्र तो जिना चढेपर्यंत त्याला हयात धरत नाही.

म्हणून येत्या वार्षिक सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. गोदामाचा करार संपताच नव्याने करू नये. सभा, व्याख्याने व वाचनालय तळमजल्यावर आणावे. अंगणातून अठरा फुटांचा उतार करून दोन्ही बाजूंना कठडा लावावा. स्वच्छतागृहाचा उंबरा काढून आत धरायला दांडी बसवावी. आणि हे पत्रक मोठ्या टाइपात छापावे.

आणखी एक मागणी. हा ठराव ज्या सभेत येईल, ती सभा माडीवर नको, अंगणात मांडव घालून घ्या. ज्यांच्यासाठी ठराव आहे, त्यांना त्यावर हात वर करता आला पाहिजे. काकांना आणायला रिक्षा घेऊन आम्ही स्वतः जाणार आहोत. या वेळी त्यांना शाल नको, पहिल्या रांगेत जागा हवी.

जय महाराष्ट्र!