प्रश्न दातांचा, वाद अधिकारांचा

दातदुखी हा किरकोळ आजार मानला जातो. परंतु उपचार वेळेवर न मिळाल्यास तो जिवावर बेतू शकतो. अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात २००७ मध्ये किडलेल्या दाढेतील जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोहोचून १२ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनेतील रुग्ण स्वीकारणारे दंतवैद्य किती दुर्मीळ आहेत, याची चर्चा त्यानंतर देशभर झाली. दंतवैद्य जिथे पोहोचत नाही, तिथे उपचार कोणी करायचे, हा प्रश्न त्यामुळे अधिकच धारदार झाला.

मिनेसोटा राज्याने २००९ मध्ये कायदा करून त्याचे एक उत्तर दिले. डेंटल हायजिनिस्ट हा वर्ग अमेरिकेत नवा नाही. कनेक्टिकटमधील दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या सहायिकेला या कामाचे शिक्षण दिले आणि १९१३ मध्ये त्याचा अभ्यासक्रम सुरू केला. मात्र दातांवरील किटण काढणे, दात स्वच्छ करणे आणि निगा शिकवणे यावर त्यांचा भर राहिला. कीड कोरून दात भरणे वा दात काढणे ही कामे दंतवैद्याकडेच राहिली.

नव्या कायद्याने 'डेंटल थेरपिस्ट' आणि 'प्रगत डेंटल थेरपिस्ट' असे दोन परवाने निर्माण केले. दात भरणे, दुधाचे दात काढणे ही कामे त्यांना करता येतात. प्रगत परवान्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, २,००० तासांचा देखरेखीखालील अनुभव आणि परीक्षा आवश्यक ठरली. असा परवानाधारक दंतवैद्याशी लेखी करार करून, तो जागेवर नसतानाही रुग्ण तपासू शकतो आणि खूप हलणारा कायमचा दात काढू शकतो. तेथील मेट्रोपॉलिटन स्टेट विद्यापीठाने तर परवानाधारक हायजिनिस्टनाच या शिक्षणासाठी प्रवेश दिला.

या बदलाला विरोध झाला नसता तरच नवल. वर्षानुवर्षे शिक्षण घेतलेल्या दंतवैद्याचे काम कमी शिकलेल्याकडे सोपवल्यास रुग्णाची सुरक्षितता धोक्यात येईल, असा संघटनांचा आक्षेप होता. अलास्कात तर प्रकरण न्यायालयात गेले. दुर्गम आदिवासी वस्त्यांसाठी तेथील तरुणांना २००३ पासून न्यूझीलंडमध्ये प्रशिक्षणासाठी पाठवण्यात आले होते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २००६ मध्ये त्याविरुद्ध दावा दाखल केला. २००७ मध्ये निकाल थेरपिस्टच्या बाजूने लागला. न्यूझीलंडची निवड अकारण नव्हती. शाळकरी मुलांच्या दातांवर उपचार करणाऱ्या परिचारिकांची सेवा तेथे १९२१ पासून होती.

सुरक्षिततेचा आक्षेप अनुभवाच्या कसोटीवर फारसा टिकला नाही. मिनेसोटाच्या आरोग्य विभागाने आणि दंत मंडळाने २०१४ मध्ये विधिमंडळाला अहवाल दिला. त्यात उपचारांच्या दर्जाबाबत वा सुरक्षिततेबाबत चिंताजनक काही आढळल्याची नोंद नाही. उलट काही रुग्णांची प्रतीक्षा आणि प्रवास कमी झाल्याचे त्यात म्हटले आहे.

तथापि यशाचे श्रेय केवळ प्रगत प्रशिक्षणाला देणे चुकीचे ठरेल. कायद्याने या परवानाधारकांना प्रामुख्याने अल्प उत्पन्न गटातील, विमा नसलेल्या आणि सेवेपासून वंचित रुग्णांसाठीच काम करण्याचे बंधन घातले. ही अट नसती, तर नवे परवानाधारकही शहरातील सुस्थित दवाखान्यांकडेच वळण्याचा संभव होता. कौशल्य वाढवणे ही पहिली पायरी. ते कौशल्य गरजूंपर्यंत पोहोचवणे ही दुसरी. सरकारी योजनेचा मोबदला तुटपुंजा राहिला, तर ही दुसरी पायरी डळमळीत होते.

भारतातही १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने डेंटल हायजिनिस्टची नोंदणी सुरू केली. परंतु त्यांचे काम दात साफ करणे, चकाकी आणणे आणि निगा शिकवणे एवढेच ठरवले. हा कायदा बदलण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. आपल्याकडे दंत महाविद्यालये भरपूर आहेत. दंतवैद्य मात्र शहरांत एकवटले आहेत. त्यामुळे मिनेसोटाकडून घ्यायचा धडा नव्या पदनामाचा नाही, तर परवान्याला जोडलेल्या सामाजिक अटीचा आहे. ती अट वगळून केवळ अधिकार वाढवले, तर शहरातील दवाखान्यांत आणखी एक खुर्ची वाढेल. खेड्यातील दुखरी दाढ तशीच राहील.