‘आपला’ संघ

इंदूर, बडोदे, पुणे किंवा डोंबिवली येथील एखाद्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांपैकी कोणाच्या तरी अंगावर कधीकधी गडद निळा सदरा दिसतो. त्यावर पिवळ्या रंगात ‘एम’ हे एकच ठसठशीत इंग्रजी अक्षर असते. लेक किंवा मुलगा अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात शिकतो आणि सुटीवर येताना त्याने वडिलांसाठी तो सदरा आणलेला असतो. वडिलांच्या दृष्टीने ते अक्षर म्हणजे मुलाच्या विद्यापीठाची खूण, एवढेच. परंतु तोच सदरा घालून कोणी नोव्हेंबर महिन्यात ओहायो राज्यातील कोलंबस शहरात फिरू लागला, तर रस्त्यावरची अनोळखी माणसेही त्याला हटकल्यावाचून राहणार नाहीत.

कोलंबस येथे ओहायो स्टेट विद्यापीठ आहे. त्याच्या उत्तरेस, शेजारच्या राज्यातील अॅन आर्बर या गावी मिशिगन विद्यापीठ आहे. या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल संघांत १८९७ सालापासून सामने होत आले आहेत. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. त्यात चेंडू प्रामुख्याने हातात धरून धावायचे असते, आणि अडवणारे खेळाडू शिरस्त्राणे घालून अंगावर तुटून पडतात. नोव्हेंबरच्या अखेरीस, या सामन्याच्या आठवड्यात, ओहायो स्टेटच्या आवारातील फलकांवर जिथे जिथे ‘एम’ हे अक्षर असेल तिथे तिथे लाल पट्टीने फुली मारली जाते. मिशिगनचे नावही उच्चारायचे नाही, ‘उत्तरेकडचा तो संघ’ असे म्हणायचे, हा पायंडा तेथील जुने प्रशिक्षक वुडी हेज यांच्यापासून रूढ झाला. आपल्या जुन्या घरांतून पत्नी पतीचे नाव घेत नसे. येथे नाव न घेण्याचे कारण अगदी उलट आहे, एवढाच काय तो फरक.

बाहेरच्या माणसाला हा सगळा पोरखेळ वाटेल. पण अॅन आर्बरच्या मैदानात १,०७,६०१ प्रेक्षक बसू शकतात आणि त्या गावाची लोकसंख्या जेमतेम सव्वा लाख आहे, हे कळले म्हणजे त्या पोरखेळाचा आवाका ध्यानात येतो. शनिवारी सामना असला की भल्या पहाटेपासून मोटारी येऊ लागतात. मैदानाबाहेर मोटारींच्या मागच्या बाजूला शेगड्या पेटतात, मांस भाजले जाते, शेजारच्या अनोळखी कुटुंबाला ताट दिले जाते. गप्पांचा विषय एकच. वर्तमानपत्रांची क्रीडापाने आठवडाभर याच वार्तांनी भरलेली असतात: कोणाचा खांदा दुखावला, कोणाला वगळले, कोणता सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा पुढच्या वर्षी कोणत्या विद्यापीठात जाणार. त्या मुलाने निर्णय बदलला तर शेकडो मैलांवरच्या गावातील प्रौढ माणसांची झोप उडते. हे वाचताना हसू येते. मात्र मुंबईच्या संघातून कोणाला वगळले यावर चाळीच्या कठड्याशी रात्री दीडपर्यंत वाद घालणाऱ्यांनी फार मोठ्याने हसू नये.

या गप्पांतील एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्यात रंगलेल्यांपैकी अनेकांनी त्या विद्यापीठात कधी पाऊल टाकलेले नसते. मालमोटारीचा चालक, न्हावी, शेतकरी, इस्पितळातील परिचारिका या सर्वांच्या तोंडी ‘आम्ही जिंकलो’ हेच शब्द असतात. ज्या वास्तूच्या वर्गांत त्यांना प्रवेश मिळाला नाही, किंवा परिस्थितीमुळे घेता आला नाही, ती वास्तू संघाच्या रूपाने त्यांच्या मालकीची होते. शिक्षण अर्धवट राहिलेल्या माणसाला या भावनेची किंमत सांगावी लागत नाही. विद्यापीठांनी एरवी समाजाशी जोडलेले नाते पाहिले, तर हे नाते त्याहून सच्चे आहे असेच म्हणावे लागते.

टेक्सास ए अँड एम या विद्यापीठात तर या ‘आम्ही’ला एक मूर्त रूप आहे. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलस येथे त्यांच्या संघाचा सामना चालू होता. खेळाडू एकामागून एक जखमी होऊ लागले. किंग गिल हा विद्यार्थी फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळला होता आणि त्या दिवशी वार्ताहरांच्या कक्षात मदतीला बसला होता. प्रशिक्षकांनी त्याला खाली बोलावले. त्याने जखमी खेळाडूचा पोशाख चढवला आणि सामना संपेपर्यंत तो सीमारेषेवर सज्ज उभा राहिला. त्याला मैदानात उतरावे लागले नाही. पण अकरा खेळाडूंच्या मागे उभा राहिलेला तो ‘बारावा माणूस’ म्हणून त्याची आठवण ठेवली गेली, आणि आजही तेथील विद्यार्थी सामना चालू असताना बसत नाहीत.

गिल उभा राहिला तो खेळण्याच्या तयारीने, मार पडेल हे जाणून. नंतरच्या लाखो प्रेक्षकांचे उभे राहणे त्या जातीचे नाही. मार खाणारे वेगळे असतात आणि ‘आम्ही’ म्हणणारे वेगळे. या दोघांतील हिशेब शंभर वर्षे कसा लागला, हे पाहिल्याशिवाय चाहत्यांच्या प्रेमाचे मोल ठरवता येत नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयांमधला पहिला फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. तेव्हा तो खरोखरच विद्यार्थ्यांचा खेळ होता. पुढे तो इतका दांडगाईचा झाला की १९०५ च्या हंगामात अनेक तरुण मैदानावरील दुखापतींनी दगावले आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून समज द्यावी लागली. दुसऱ्याच वर्षी विद्यापीठांची जी राष्ट्रीय क्रीडा संघटना स्थापन झाली, ती आजही या खेळांचे नियमन करते. खेळाडूंचे रक्षण हा तिच्या स्थापनेचा हेतू होता. कालांतराने ती एका वेगळ्याच गोष्टीचे रक्षण करू लागली.

१९५५ साली कोलोराडो राज्यातील एका लहान महाविद्यालयाच्या संघातून खेळताना रे डेनिसन या खेळाडूच्या डोक्याला मार बसला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा लावला. खेळण्याच्या मोबदल्यात महाविद्यालय सवलती देत होते, तेव्हा तो महाविद्यालयाचा कामगारच नव्हता काय, असा तिचा साधा प्रश्न होता. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. महाविद्यालय काही फुटबॉलचा व्यवसाय करीत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. अशाच दाव्यांच्या धास्तीने राष्ट्रीय संघटनेने त्या दशकात ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द प्रचारात आणला. संघटनेचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ही गोष्ट स्वतःच मान्य केली. जो शब्द ऐकताना अभ्यास आणि खेळ यांच्या मिलाफाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते, तो घडला एका विधवेसारख्या माणसांची मागणी टाळण्यासाठी. भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा हा शब्द आहे.

‘व्यवसाय नाही’ असे म्हणता म्हणता व्यवसाय किती वाढला! १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकण्याची मोकळीक विद्यापीठांना मिळाली आणि दूरचित्रवाणीचा पैसा धो धो येऊ लागला. आज अमेरिकेतील बहुतेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी सेवक राज्यपाल नसून सरकारी विद्यापीठातील फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. अॅलाबामा विद्यापीठाचे निक सेबन यांचे वार्षिक वेतन २०२३ साली एक कोटी डॉलरच्या वर होते. ज्याच्या नावाचा सदरा दुकानात विकला जाई, त्या खेळाडूला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची बंदी होती.

हा बांध न्यायालयांतच फुटला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. तो शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, पण वारे कोठून वाहते आहे ते सर्वांना कळले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि छबीच्या वापराबद्दल पैसे घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एका तडजोडीला मान्यता दिली. त्यानुसार विद्यापीठे स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली असून २०२५-२६ या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा ठरली. मागील वर्षांतील खेळाडूंनाही सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यावयाचे आहेत.

तेव्हापासून चाहत्यांच्या गप्पांचा सूर बदलला आहे. ‘मुले आता पैशासाठी खेळतात’, ‘आज इथे तर उद्या तिथे’, ‘निष्ठा म्हणून राहिली नाही’ असे उद्गार सर्रास ऐकू येतात. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला एक वर्ष बाहेर बसावे लागे. ती अटही आता उरलेली नाही, आणि दरवर्षी शेकडो खेळाडू संघ बदलतात. चाहत्यांचे दुःख खोटे नाही. चार वर्षे ज्याला डोळ्यांदेखत वाढताना पाहिले, त्याच्यावर जीव जडतो. वर्षभरात निघून जाणाऱ्यावर तो जडत नाही.

तरीही ही तक्रार न्याय्य नाही. निष्ठेचा नियम एकट्या खेळाडूलाच का? नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस नोटर डेम विद्यापीठाचे प्रशिक्षक ब्रायन केली हंगाम पुरता संपण्यापूर्वी लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडे निघून गेले. त्यांना कोणी वर्षभर बाहेर बसवले नाही. लॉस एंजेलिस येथील दोन मोठी विद्यापीठे पश्चिम किनाऱ्यावरील पिढ्यान्‌पिढ्यांचे सोबती सोडून २०२४ साली मध्य आणि पूर्व भागातील विद्यापीठांच्या गटात सामील झाली, कारण तिथे प्रक्षेपणाचे उत्पन्न अधिक होते. एकाच गटातील सामन्यासाठी आता तेथील मुलामुलींना सुमारे चार हजार किलोमीटर दूर न्यू जर्सीपर्यंत जावे लागते. थोरल्यांनी बाजार मांडायचा आणि धाकट्यांनी व्रत पाळायचे, अशी ही अपेक्षा आहे. दिवसा काम आणि रात्री अभ्यास करणाऱ्याला कोणी ‘तू पैशासाठी काम करतोस, म्हणून तू खरा विद्यार्थी नव्हेस’ असे म्हणत नाही. फुटबॉलपटूला तरी ते का म्हणावे?

खरी काळजी दुसरीच आहे. पैसा आला तो मुख्यतः फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे. त्या उत्पन्नावर पोसले जाणारे जलतरण, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स असे खेळ आणि मुलींचे संघ यांचे काय होणार? शिक्षणात लिंगभेदास मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्याने तेथील मुलींना मैदान मिळवून दिले. चाहते नुसत्या फुटबॉललाच येतात, हे म्हणणेही खरे नाही. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाने लिंकन येथील फुटबॉलच्या मैदानात मुलींचा व्हॉलीबॉल सामना भरवला, तेव्हा तो पाहायला ९२,००३ माणसे आली. गावाने ज्या मुलींना आपले मानले, त्यांच्यासाठी गाव आले. चाहत्यांनी गप्पांतून आग्रह धरायचा असेल, तर या खेळांसाठी धरावा.

भारतात विद्यापीठांच्या संघांना असे चाहते नाहीत. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ सालापासून खेळला जातो. सुनील गावसकरांसारखा फलंदाज मुंबई विद्यापीठाकडून त्या स्पर्धेत खेळला. आज तिचा अंतिम सामना कधी झाला हे वर्तमानपत्रात शोधावे लागते. आपल्याकडील विद्यापीठाचा खेळाडू रिकाम्या बाकांसमोर खेळतो. त्याला लाखाच्या गर्दीचे प्रेम मिळत नाही, आणि त्या प्रेमाचे ओझेही नाही.

कोलंबसच्या एखाद्या केशकर्तनालयात शुक्रवारी संध्याकाळी न्हावी गिऱ्हाइकाला विचारतो, ‘‘त्याचा गुडघा कसा आहे?’’ गिऱ्हाइकाने सकाळीच बातमी वाचलेली असते. ‘‘बरा आहे म्हणतात, उद्या खेळेल,’’ असे तो सांगतो आणि दोघांनाही हायसे वाटते. त्याच वेळी त्या मुलाची आई दूरच्या गावाहून त्याला दूरध्वनीवर हाच प्रश्न विचारत असते.