कौलारू व पत्र्याच्या घरांवरील सौर पॅनेलबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
रायगड, अलिबाग

विषय : पंतप्रधान सूर्यघर योजनेतील सौर पॅनेलमुळे घरांना लागलेली गळती व अडलेले अर्ज.

संदर्भ : संबंधित वीज कार्यालयास दिलेले तीन अर्ज. पोच आहे, लेखी उत्तर नाही.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पोलादपूर तालुक्यातील वीजग्राहक आहोत. योजनेचे नियम आपणांस ठाऊक आहेत, त्यांत जात नाही. आमचे म्हणणे छपराचे आहे.

गेल्या दिवाळीनंतर पॅनेल बसवणाऱ्या एजन्सीची माणसे वाडीत आली. त्यांना सवय स्लॅबची. फळी न टाकता बूट घालून ती थेट कौलांवर चढली. कौल काढायचे, लोखंडी आकडा वाशाला पक्का करायचा आणि कौल परत जागेवर ठेवायचे, अशी या कामाची रीत. इथे मंगलोरी कौलालाच भोक पाडून बोल्ट खालच्या रिपेत घातला. रीप ती केवढी! ३ किलोवॅटची सहा पॅनेल, एकेक पंचवीस किलोच्या घरातले, शिवाय वाऱ्याची ओढ, हे सगळे तिच्या जिवावर. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जिल्ह्यातली किती छपरे उडाली, हे आपल्या कार्यालयाच्या पंचनाम्यांत आहेच. सिमेंट पत्र्यांवर तर उंचवटा सोडून पाणी वाहते त्या पन्हळीतच भोके पाडली. जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे. त्यांची धूळ खाली स्वयंपाकघरात पडली.

मृगाच्या पहिल्या सरीलाच पाणी आत आले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणारा हा तालुका. एका घरात धार चुलीवर, एका घरात भाताच्या कणगीवर, एका घरात अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या पायांवर. पूर्वी गळले की माणूस शिडी लावून कौल सारखे करायचा. आता पॅनेलखाली हात जात नाही, आणि हात लावला तर हमी रद्द, असे एजन्सी बजावते. फुटके कौल बदलावे तर जुन्याच्या खाचेत नवे बसत नाही. एजन्सीला विचारले तेव्हा उत्तर आले, "कौले वानरांनी फोडली." वानरे आमच्याकडे आहेतच, पण ती ड्रिल घेऊन येत नाहीत.

पहिल्या अर्जावर वीज कार्यालय आठ दिवसांत माणूस पाठवतो म्हणाले. दुसऱ्यावर, गणपतीपूर्वी दुरुस्ती. गणपती ताडपत्रीखाली बसले. तिसऱ्यावर, जागा पाहून कळवतो. आजपर्यंत जागा पाहायला कोणीही आलेले नाही. अनुदानाचे ७८,००० रुपये खात्यात आले, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यामुळेच कागदोपत्री काम पूर्ण दिसते आणि एजन्सी फोन उचलत नाही. पॅनेलसाठी घेतलेल्या कर्जाचा बँकेचा हप्ता मात्र चुकत नाही.

तरी पुढच्या मृगाआधी प्रत्येक घराची पाहणी घरमालकासमोर व्हावी. पॅनेल उतरवून, आकडे वाशाला बसवून, फुटकी कौले व पत्रे एजन्सीच्या खर्चाने बदलून द्यावेत. वासे जुने असतील तेथे अंगणात लोखंडी सांगाडा उभारून पॅनेल त्यावर घ्यावीत. आठ दिवस, गणपतीपूर्वी असले तोंडी शब्द आता नकोत; तारीख लेखी द्यावी.

स्लॅब नाही म्हणून तोंडी परत पाठवलेले योजनेचे अर्ज पुन्हा घ्यावेत. गरिबाचेच घर कौलारू असते.

वीज गेली तरी दिवे चालू राहतील, असे सांगून पॅनेल विकली गेली. बॅटरीशिवाय तसे होत नाही. ही फसवणूक थांबवावी.

सौर जोडणीसाठीचे नवे मीटर लवकर बसावेत.

शिमग्यापर्यंत काम सुरू न झाल्यास आम्ही पॅनेल स्वतः उतरवू, संबंधित कार्यालयाच्या आवारात आणून ठेवू आणि पोच घेऊ.

आपले विश्वासू,
कौलारू व पत्र्याच्या घरांतील वीजग्राहक, ता. पोलादपूर
(सह्या व ग्राहक क्रमांक सोबत)