आडनाव कळले, नाव नाही

नागोठणे सोडले की रोह्याच्या अलीकडे निडी हे छोटेसे स्टेशन लागते. तिथे आमच्या ताईचे घर. नवरात्रात चार दिवस गेलो होतो. परसामागे झाडी, तिच्या कडेला पिवळी रानफुले. पण भाचा काही केल्या तिकडे फिरकेना! गेल्या वर्षी त्याला गांधीलमाशी चावली होती. तेव्हापासून काळे-पिवळे पट्टे दिसले की स्वारी घरात!

"मामा, ती बघ!"

खरेच, फुलाजवळ एक पट्टेरी बया अधांतरी उभी होती. मामाचे शौर्य दाखवायला मी चप्पल उचलली. तोच ओटीवरून ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, मारता कशाला? ती नाही चावत. आधी नीट बघा तरी!"

मी मुकाट्याने चप्पल खाली ठेवली आणि मोबाइलवर फोटो घेतला. फोटो मोठा करून पाहिला, तो काय! ही गांधीलमाशी नव्हेच, साधी माशी! इंग्रजीत हिला हॉवरफ्लाय म्हणतात. गांधीलमाशीला पंख चार, हिला दोन. मागच्या पंखांच्या जागी टाचणीएवढे दोन दांडे. उडताना तोल सांभाळतात ते हेच. पण गांधीलमाशीचे पंख एकमेकांत अडकलेले असल्याने मोजणी फसते. म्हणून मिशा पाहाव्यात. गांधीलमाशीच्या लांब; हिच्या बहुधा आखूड, आणि डोळे डोकेभर. नांगी नाहीच. पट्टे आहेत ते पाखरांना भिववण्यापुरते, उसने! शिवाय हिच्या कित्येक भाईबंदांच्या अळ्या पिकांवरचा मावा फस्त करतात. म्हणजे मी चप्पल उगारली होती ती चवळीच्या राखणदारणीवर!

आता नेमके नाव हवे. ब्रुनेट्टी नावाचे एक वादक कलकत्त्यात राहून माश्यांचा अभ्यास करीत. भारतातल्या या माश्यांवरचा त्यांचा खंड १९२३ साली निघाला. पण जात ठरवायची तर पंखांवरच्या शिरा आणि अंगावरचे केस भिंगाखाली तपासावे लागतात. आमचा फोटो तिथे अपुरा. थोडक्यात, आडनाव कळले, नाव राहिले! सभ्य ओळखीला तेवढे पुरे.

मात्र वाचकहो, मिशा पाहिल्याशिवाय पट्टेरी किड्याला हात लावू नका.

निघायच्या दिवशी सकाळी भाचा दिसेना. पाहतो तो, मागे हात बांधून फुलांपासून दोन हातांवर उभा!

"मामा," तो हळूच म्हणाला, "मिशा आखूड आहेत."