साथीच्या काळात शेत ते हातठेला ही साखळी चालू ठेवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, नागपूर

विषय: जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात साथरोगकाळातील अन्नपुरवठ्याचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करणे.

महोदय,

धरमपेठेची चूल गोकुळपेठच्या बाजारावर आणि दारावर येणाऱ्या हातठेल्यावर चालते. गोकुळपेठला माल कळमन्याच्या घाऊक बाजारातून येतो आणि कळमन्यात तो गावोगावच्या शेतांतून. मार्च 2020 मध्ये या साखळीचा एकेक दुवा निखळताना इथल्या रहिवाशांनी पाहिला.

केंद्राच्या 24 मार्चच्या लॉकडाऊनच्या आदेशात किराणा, भाजी, दूध आणि रेशनच्या दुकानांना सूट होती. शेतातली कामे आणि बाजार समित्या त्या यादीत आल्या 27 मार्चला. मालवाहू ट्रकमध्ये कोणताही माल असला तरी अडवू नये, हे 29 मार्चला स्पष्ट झाले. महामार्गावरचे ढाबे आणि ट्रक दुरुस्तीची दुकाने यांना तर 20 एप्रिल उजाडावा लागला. तोवर ट्रक रस्त्यावर होता, पण चालकाला जेवण आणि टायरला पंक्चरवाला मिळेल याची शाश्वती नव्हती. तिकडे बंगालमधल्या ताग गिरण्या बंद पडल्या आणि ऐन रब्बीच्या खरेदीत बारदान्याची टंचाई झाली.

सरकारी खरेदी थांबल्याने विदर्भात कापूस घराघरांत पडून राहिला. कापूस निदान थांबतो. संत्रा थांबत नाही. काटोल, नरखेड, वरुडकडे मृग बहाराच्या संत्र्याच्या मोसमाचे शेवटचे दिवस होते आणि नेमकी तेव्हाच दूरची बाजारपेठ तुटली. नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरकडे किसान रेल्वे निघाली ती 14 ऑक्टोबर 2020 रोजी. पुढच्या आंबिया बहाराच्या संत्र्याला तिचा आधार झाला. मृगाचे नुकसान केव्हाच होऊन गेले होते.

लॉकडाऊनच्या आधीच, फेब्रुवारीत, कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो या अफवेने कुक्कुटपालकांना मिळणारे दर कोसळले. कोंबड्या विकल्या गेल्या नाहीत की मका आणि सोयापेंडीचा उठाव थांबतो, म्हणजे तोटा पुन्हा शेतकऱ्याच्याच दारात.

शासनाने काही केले नाही, असे निवेदकांचे म्हणणे नाही. शिवभोजन थाळी 10 रुपयांवरून 5 रुपयांवर आली, अन्नसुरक्षा कायद्याखालच्या रेशनकार्डावर माणशी 5 किलो मोफत धान्य मिळाले. पण कार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांसाठी धान्याची घोषणा मे महिन्यात झाली. भूक तेवढे दिवस थांबली नव्हती. बहुतेक निर्णय योग्य होते, ते उशिरा आले. म्हणून ते आधीच लिहून ठेवावेत, हीच मुख्य मागणी आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 31 नुसार जिल्हा आराखडा आहे आणि त्याचा दरवर्षी आढावा घ्यायचा असतो. येत्या आढाव्यात साथरोगकाळातील अन्नपुरवठ्याचे प्रकरण जोडावे. शेतमजूर, हमाल, अडते, चालक, पंक्चरवाले आणि हातठेलेवाले यांना पहिल्याच दिवशी एकत्र परवानगी देणारा आदेश त्यात तयार असावा. कळमन्यातली गर्दी वाटून देण्यासाठी महापालिकेच्या प्रत्येक झोनमध्ये भाजीबाजाराची मोकळी मैदाने आधीच ठरवावीत. शेतकरी गटांनी लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांच्या फाटकावर थेट माल विकला होता. त्या विक्रीला कायमची जागा आणि वेळ नेमून द्यावी. खाद्यपदार्थांविषयी अफवा उठली तर पशुसंवर्धन आणि आरोग्य विभागाने चोवीस तासांत मराठीत व हिंदीत खुलासा करावा. कार्ड नसलेल्यांची यादी वॉर्डनिहाय, साथ येण्याआधी तयार असावी.

या प्रकरणाचा मसुदा शेतकरी, हमाल आणि फेरीवाले यांच्या प्रतिनिधींसमोर ठेवून मगच मंजूर करावा, ही विनंती.

निवेदक,
धरमपेठ व गोकुळपेठ परिसरातील रहिवासी, नागपूर