हिशेबाबाहेरची गळती

कापडावर प्रक्रिया करणारा कारखाना असो वा खाद्यतेल शुद्ध करणारा, भट्टीतील उष्णता यंत्रापर्यंत वाहून नेण्यासाठी एखादे माध्यम लागतेच. वाफ हे त्याचे जुने साधन. परंतु २५० अंश सेल्सिअस तापमान हवे असेल तर वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे ४० पट होतो. मग जाड नळ्या, बॉयलरची तपासणी, परवानाधारक बॉयलर अटेंडंट हा सारा खर्च ओघानेच येतो. कारखान्यात ज्याला ‘थर्मिक फ्लुइड’ म्हणतात, ते तेल तेवढेच तापमान फारसा दाब न वाढविता देते. वाफ निर्माण होत नसल्याने ते बॉयलरच्या कायदेशीर व्याख्येतही बसत नाही. छोट्या कारखानदाराला ते सोयीचे वाटावे, यात नवल नाही. प्रश्न एवढाच, की या स्वस्ताईची उरलेली किंमत कोण भरतो?

याचे कटू उत्तर १९६८ साली जपानमध्ये मिळाले. क्यूशू बेटावरील एका कारखान्यात तांदळाच्या कोंड्याच्या तेलाचा वास काढण्यासाठी ते २०० अंशांहून अधिक तापवीत असत. तापविणाऱ्या नळ्यांतून पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीसीबी, हा द्रव फिरत असे. तो सहसा पेट घेत नाही आणि सहजी विघटितही होत नाही. आगीच्या भयाने पाहिले तर तो उत्तमच म्हणावा लागेल. हा द्रव झिरपून खाद्यतेलात मिसळला. प्रथम, फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याच कारखान्यातील दुय्यम तेल घातलेले खाद्य खाऊन सुमारे ४ लाख कोंबड्या मेल्या. तो पशुखाद्याचा प्रश्न मानला गेला. माणसांच्या तेलाची विक्री चालूच राहिली. अंगावर पुटकुळ्या, काळवंडलेली त्वचा, हातापायांना बधिरता अशा लक्षणांचा ‘युशो’, म्हणजे तेलाचा आजार, ऑक्टोबरमध्ये उघडकीस आला, तेव्हा हजारो लोकांनी ते तेल खाल्ले होते. ज्या टिकाऊपणामुळे हा द्रव कारखान्याला हवासा वाटला, त्याच टिकाऊपणामुळे तो माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला.

जपानने १९७३ साली रासायनिक पदार्थांच्या नियंत्रणाचा कायदा केला. तरीही १९७९ साली तैवानमध्ये याच मार्गाने सुमारे २,००० लोक बाधित झाले. त्यांत अंध मुलांच्या एका शाळेतील विद्यार्थीही होते.

पीसीबीऐवजी आज खनिज व कृत्रिम तेले वापरतात, म्हणून प्रश्न मिटला असे मात्र नव्हे. ही तेले पेटतात. मर्यादेबाहेर तापली तर नळ्यांत काजळी धरते आणि तेल पूर्वीपेक्षा कमी तापमानालाच पेट घेऊ लागते. गळलेले तेल नळ्यांवरील उष्णतारोधक वेष्टनात मुरून धुमसते. तेलात पाणी शिरले तर त्याची एकाएकी वाफ होऊन तप्त तेल बाहेर उसळते.

अर्थशास्त्रात खासगी परिव्यय आणि सामाजिक परिव्यय असा भेद करतात. कारखान्याच्या वह्यांत पहिलाच नोंदला जातो. दुसरा कामगार आणि ग्राहक भरतात. हे अंतर कमी करण्याचे उपाय महागडे नाहीत. तेलाची ठराविक मुदतीने प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत, खर्च अधिक आला तरी, वाफेलाच प्राधान्य असावे. आणि भर घातलेल्या तेलाची नोंद सक्तीची करावी. बंदिस्त नळ्यांतून फिरणारे तेल वरचेवर भरावे लागत असेल, तर आधीचे गेले कोठे, हे साध्या कारकुनालाही विचारता आले पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत माल कारखान्याबाहेर जाता कामा नये.