शटरच्या आधी पाणी अडवा

मृगाचा पहिला दणका बसला की आपल्या व्यवसायातल्या बहुतेकांचे फोन एकाच तक्रारीने वाजू लागतात: शटरखालून पाणी आत आले. हिंगोली जिल्ह्यात ही तक्रार हलक्यावारी घेण्यासारखी नाही. नकाशात गॅरेज म्हणून दाखवलेल्या खोलीत इथे गाडीच्या शेजारी हळदीची पोतीही असतात. उन्हाळ्यात शिजवून वाळवलेली हळद भावाची वाट बघत अनेक शेतकरी पावसाळाभर घरीच ठेवतात. खालच्या थरातल्या पोत्याला ओल लागली, बुरशी धरली, की संत नामदेव मार्केट यार्डात त्या मालाला भाव नाही. बोटभर पाणी वर्षाच्या कमाईला हात घालते.

अशा वेळी गिऱ्हाईक शटरला रबर लावून मागते, कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगचा हात मारून मागते. आपण ते करून देतो आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तिथेच उभे असतो. आमचे स्पष्ट मत आहे की शटर ही पाणी अडवायची जागाच नव्हे. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 65 मिलिमीटर पाऊस, म्हणजे महसूल खाते ज्याला अतिवृष्टी धरते तेवढा, पडला तर सुमारे सहा हजार लिटर पाणी खाली येते. त्याचा पाइप कित्येक घरांत शटरच्या बाजूच्या कॉलमलाच सोडलेला असतो. पहिले काम त्या पाइपाचे तोंड दुसरीकडे वळवण्याचे.

जुन्या वाड्यांना दगडी जोते होते, उंबरा होता. गाडी आत घ्यायची म्हणून आपण जोते रस्त्याला टेकवले आणि उंबरा काढून टाकला. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मुख्य इमारतीचे जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान 450 मिलिमीटर, तर गॅरेज आणि झाकलेल्या पार्किंगची जमीन किमान 150 मिलिमीटर उंच ठेवायला सांगते, शिवाय पाण्याचा नीट निचरा मागते. पण जुना रस्ता न उकरता त्यावर काँक्रीटचा एक नवा थर पडला की ते 150 मिलिमीटर संपले. नगरपरिषदांत काम करणाऱ्या अभियंता मित्रांनी रस्त्याचा अंदाज करताना दोन्ही बाजूंच्या जोत्यांची लेव्हल घ्यावी, एवढी आमची विनंती आहे. ते होईपर्यंत नव्या घराचे जोते आजच्या रस्त्यावरून नव्हे, पुढच्या थराचा विचार करून ठरवा.

रस्ता आधीच उंच झाला असेल तर शटरच्या बाहेर, रॅम्पच्या पायथ्याशी, पूर्ण रुंदीची जाळीची नाली हवी. साधारण 150 मिलिमीटर रुंद, तेवढीच खोल, तळाला शंभरात एक उतार, आणि जाळी उचलून गाळ काढता येईल अशी. नाली खोदायच्या आधी लेव्हल पाइप धरा आणि तिचे पाणी जिथे सोडणार त्या गटाराचा तळ बघा. हे न बघता केलेली नाली गटाराचेच पाणी घरात आणते. कयाधूला पूर आला की काठच्या सखल भागातल्या गटारांना उतारच उरत नाही. तिथे उलटे पाणी रोखणारी झडप हवी, आणि उतार मिळतच नसेल तर खड्डा करून पंप बसवावा. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. रस्ता खाली असेल तिथे दारासमोरच्या कोब्याला पन्नासात एक बाहेरचा उतार पुरतो. तीन मीटरला 60 मिलिमीटर.

यानंतर शटर. शटर टेकते ती जागा आतल्या फरशीपेक्षा 20-25 मिलिमीटर खाली ठेवा, म्हणजे वाऱ्याने आपटलेले पाणी त्या खाचेला अडते आणि गाडीलाही धक्का बसत नाही. रबर पट्टी त्यावर. आणि दोन्ही बाजूंच्या गाइड चॅनलच्या पायाशी वाकून बघा. शटरवाला चॅनल बसवायला फरशी फोडतो, ते भोक तसेच राहते, वर फक्त सिमेंटचा पातळ हात असतो. निम्म्या तक्रारी तिथेच सुटतील.

आपल्या काळ्या मातीचा विसर पडू देऊ नका. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि कोब्याचा उतार दोन-तीन वर्षांत उलटा होतो. पायातून निघालेली तीच माती जोत्यात भरणे हा गुन्हाच समजावा. ती काढून मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून भरा. न फुगणाऱ्या मातीचा थर काळ्या मातीचे फुगणे आवरतो, हे आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. काट्टी यांनी कालव्यांच्या कामातून दाखवून दिले आहे. गॅरेजची जमीन घराच्या जोत्यापेक्षा खाली असेल तर डीपीसीही गॅरेजच्या पातळीवर वेगळी घ्या. नाहीतर मधली भिंत बाहेरच्या मातीतली ओल शोषून आत देत राहते, आणि लोक शटरला दोष देत बसतात.

या सगळ्याचा खर्च बांधकामाच्या मानाने फार नाही, पण तो अंदाजपत्रकात दिसत नाही. ‘किरकोळ कामे’ या ओळीत दडलेली वस्तू घासाघीस सुरू झाली की सर्वांत आधी कापली जाते. म्हणून यंदापासून प्रत्येक अंदाजपत्रकात दारासमोरचा उतार, जाळीची नाली आणि तिचे निर्गमन या तीन बाबी स्वतंत्र, मापासह आणि दरासह लिहा.